पंपाच्या पोटातला आकडा

मुलगी : ...आणि तिन्ही पास! हिरव्या खुणा बघ, आई. आता माझी सही झाली की उद्या शिरेतून औषध सोडणारे हे पंप वॉर्डात, आणि माझी बढती पक्की.

आई : तीस वर्षं नर्स होते मी, मला खुणा नको दाखवूस. तपासलं काय, ते सांग.

मुलगी : अगं, पंप तीन कंपन्यांचे, प्रत्येकाचा प्रोग्रॅम वेगळा. म्हणून आम्ही सगळ्यांना मिळून एकच करार लिहिला, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमनं पाळायचा नियम. ‘थांब’ म्हटल्यावर ‘चालू आहेस का?’ विचारलं, तर ‘नाही’ असंच उत्तर यायला हवं. ते प्रोग्रॅम पाळतो का, हे आमचं टूल सिद्ध करून दाखवतं.

आई : ‘नाही’ म्हणाला आणि औषध सोडतच राहिला तर?

मुलगी : असं कसं करेल?

आई : तू ‘अभ्यास झाला’ म्हणायचीस, तसं.

मुलगी : आई! ...थांब, खरंच की. सतत ‘नाही’ म्हणणारा पंपसुद्धा पास होईल!

आई : मग लिही ना, औषध थांबलं पाहिजे म्हणून.

मुलगी : तिथंच तर घोडं अडतं. एक कंपनी थेंब मोजते, दुसरी मिलिलिटर, तिसरी मोटरचे फेरे. सगळ्यांच्या करारात कुणाचा आकडा घालू?

आई : आम्ही कुठे पंपाचं पोट फाडून बघायचो? पलंगाला तक्ता असायचा, ‘आतापर्यंत किती गेलं’. पंप कुठलाही असो, रकाना तोच.

मुलगी : अगं, असा रकाना करारात मानून चालता येईल! पंपात नसलेला, नुसता तपासणीपुरता. ‘थांब’नंतर तो वाढता कामा नये. आपल्या थेंबांवरून, फेऱ्यांवरून तो कसा काढायचा, ते ज्या त्या कंपनीनं सांगायचं.

आई : मग बघ की लावून.

मुलगी : लावते, तिघांचे हिशेब त्यांच्या कागदांत आहेतच... पहिला पास. दुसरा पास. तिसरा... अगं बाई!

आई : काय झालं?

मुलगी : लाल. ‘थांब’ म्हटलं की हा ‘नाही’ म्हणतो खरा, पण मोटर आणखी नऊ फेरे मारते.

आई : म्हणजे किती औषध?

मुलगी : मोठ्या माणसाला काही नाही.

आई : आणि तान्ह्या बाळाला?

मुलगी : ...साहेबांना फोन करावा लागेल. उद्या पंप देता येणार नाहीत.

आई : चिडतील?

मुलगी : चिडतील म्हणजे! बढती गेलीच समज. आई, भीती वाटतेय गं.

आई : मलाही वाटायची, रात्रपाळीत. आधी नळी बंद करायचे, मग डॉक्टरांना उठवायचे.