सहाचा खेळ

दिग्दर्शिका : दोनशे खुर्च्या मांडल्या मामा, आणि बसलंय कोण? एक मांजर.

ऑपरेटर : ते शाळेचंच आहे. त्याला प्रेक्षकांत धरू नकोस, ते गणिताच्या तासालाही बसतं.

दिग्दर्शिका : मला हसू येत नाहीये. सहाचा खेळ म्हणून चौकात बोर्ड लावला होता. आता पावणेसात होतील.

ऑपरेटर : होऊ देत की. अवकाश आहे अजून. आणि त्या भोकाला डोळा लावून उभी राहू नकोस. तिथून पिक्चर बाहेर जातो, माणसं आत येत नाहीत. ती पकड दे इकडे, डाव्या स्पीकरची वायर खरखरतेय.

दिग्दर्शिका : रिकाम्या हॉलमध्ये खरखरली काय नि नाही खरखरली काय.

ऑपरेटर : हे बोलणं शहरात शिकलीस वाटतं. टॉकीजच्या केबिनमध्ये माझ्या पायाशी बसून तुटलेल्या रिळाचे तुकडे गोळा करायचीस, फ्रॉकचे खिसे भरभरून. रिळी हे नाव उगाच नाही पडलं. तेव्हा कधी विचारलं नाहीस, किती माणसं आलीत म्हणून.

दिग्दर्शिका : तेव्हा पिक्चर दुसऱ्यांचे असायचे.

ऑपरेटर : ते खरं.

दिग्दर्शिका : तुमच्या टॉकीजला कधी असा रिकामा खेळ गेला होता?

ऑपरेटर : एकदा. लॉरीचा एक ड्रायव्हर, सरहद्दीच्या फाटकावर त्याचे कागद अडकले होते, म्हणून झोपायला आत आला. तिकीट काढलं होतं, म्हणून त्याला अख्खा पिक्चर दाखवला. मध्यंतरही केलं. दिवे लावले तेव्हा शिव्या घातल्या त्याने मला. आता टॉकीजचं सिमेंटचं गोदाम झालंय, पण शिव्या आठवल्या की बरं वाटतं.

दिग्दर्शिका : मामा, लोक का आले नाहीत ते मला माहीत आहे.

ऑपरेटर : का?

दिग्दर्शिका : शिंपीकाकांनी सगळ्यांना सांगितलं असणार. जाऊ नका म्हणून.

ऑपरेटर : तो? अगं, त्याच्या तोंडून दिवसाला दहा शब्द पडत नाहीत. गावभर सांगायला त्याला वर्ष लागेल.

दिग्दर्शिका : मी तुम्हाला एक गोष्ट सांगितलेली नाही.

ऑपरेटर : बोल. हात कामात आहेत, कान रिकामे आहेत.

दिग्दर्शिका : पूल बंद होता ना, ती दोन वर्षं. तेव्हा मी त्यांच्या दुकानात शूटिंग करत होते. त्यांची बहीण पलीकडे. तिचे कपडे ते तेव्हाही शिवत होते, माहीतंय तुम्हाला? माप घ्यायला माणूस नाही, म्हणून अंदाजाने. टेबलावर टेप पसरून म्हणायचे, आता ती एवढी सुटली असेल, एवढी खंगली असेल. शिवायचे आणि कपाटात ठेवायचे.

ऑपरेटर : माहीत आहे. कपाटाचं दार लागेनासं झालं होतं.

दिग्दर्शिका : एक दिवस बोलता बोलता त्यांचा हात टेपवरच थांबला. मला म्हणाले, यंत्र बंद केलंस ना? मी मान हलवली. हो म्हणून.

ऑपरेटर : आणि?

दिग्दर्शिका : बंद नव्हतं. मी फक्त हात काढून घेतला होता. ते चार मिनिटं बोलले मामा. रडले. आईच्या माघारी तिला मोठं केलं ते सांगितलं, तिचं लग्न लावून दिलं तेव्हा पूल ओलांडायला पाच मिनिटं लागायची म्हणून होकार दिला, ते सांगितलं. मी समोर मान खाली घालून बसले होते, आणि कॅमेरा चालू होता.

ऑपरेटर : हे वाईट केलंस रिळी.

दिग्दर्शिका : माहीत आहे.

ऑपरेटर : आणि ते पिक्चरमध्ये ठेवलंस?

दिग्दर्शिका : ठेवलं. तीनदा काढलं, तीनदा परत घातलं. ते काढलं की पिक्चर नुसता नदी, पूल आणि लॉऱ्यांचा होतो. शहरात कुणी विचारलं तुझं गाव कुठलं, आणि मी नाव सांगितलं, की म्हणतात, अच्छा, ते फाटकाचं? जिथे गाड्या तासन् तास उभ्या असतात? गावाबद्दल लोकांना एवढंच माहीत. मला दाखवायचं होतं की त्या फाटकाला खेटून माणसं राहतात. फाटक पडलं की त्यावर हात टेकून गप्पा मारणारी. पलीकडच्या कुत्र्यांना नावाने हाक मारणारी. मी इतक्या ठिकाणी राहिले मामा, पण मला अजून फक्त इथेच गाढ झोप लागते. रात्री लॉऱ्यांचे ब्रेक वाजत असताना.

ऑपरेटर : पिक्चर आवडला नसेल म्हणून येत नसतील असं समजू नकोस एवढंच सांगतो. अजून कुणी बघितलाच नाहीये.

दिग्दर्शिका : मी त्यांना दोन महिन्यांपूर्वी पत्र लिहिलं. सगळं कबूल केलं. तुम्ही नको म्हणालात तर काढते, असं लिहिलं. उत्तर नाही. काल बसमधून उतरले, त्यांच्या दुकानावरून आले, तर मशीनवरची मान वर केली नाही त्यांनी.

ऑपरेटर : बाही लावत असेल. बाही लावताना तो देवाकडेही बघणार नाही.

दिग्दर्शिका : शेवटची प्रत उद्या सकाळी पाठवायची आहे. म्हटलं होतं, आधी गावाने बघू दे, मग ठरवू. आता ठरलंच. ती चार मिनिटं काढून टाकते. पिक्चर लंगडा झाला तरी चालेल. निदान इथे परत यायला तोंड राहील.

ऑपरेटर : पी हळद अन् हो गोरी, असं झालंय तुझं. सात तरी वाजू देत. मग काढ काय काढायचं ते.

दिग्दर्शिका : सातला काय होणार आहे?

ऑपरेटर : काय म्हणजे? खेळ सुरू होणार आहे.

दिग्दर्शिका : खेळ सहाचा होता मामा. बोर्डवर एवढं मोठं सहा लिहिलंय मी.

ऑपरेटर : सहाचाच आहे. अगं, थांब. तू आपल्या घड्याळातले सहा धरून बसलीयेस की काय?

दिग्दर्शिका : मग कुठल्या?

ऑपरेटर : पलीकडच्या. त्यांचं घड्याळ आपल्या मागे तासभर. त्यांचे सहा म्हणजे आपले सात. बोर्ड लागला त्या दिवशीच सलूनवाला पूल ओलांडून गेला आणि पलीकडच्या सगळ्या दुकानांत सांगून आला. पलीकडची माणसं येणार असली की त्यांची वेळ धरायची, हे काय आज ठरलंय? त्यांना फाटकावर कागद दाखवत रांगेत यावं लागतं. आपण काय, उठून चपला घातल्या की पोचलो.

दिग्दर्शिका : पण पलीकडचे येणार हे मला कुठे माहीत होतं?

ऑपरेटर : पूल उघडून चार महिने झाले बाई. तू तेव्हा शहरात काचेच्या खोलीत बसून तुकडे जोडत होतीस. दोन वर्षं कुणी येत नव्हतं तर आपली पोरं ती वेळ विसरायला लागली होती. आता परत सगळ्यांनी दोन-दोन घड्याळं काढलीत. आणि तू, पिक्चरच्या पहिल्याच दृश्यात सलूनमधली दोन घड्याळं दाखवतेस म्हणे.

दिग्दर्शिका : दाखवते. जवळून. अकरा सेकंद.

ऑपरेटर : शाबास. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान.

दिग्दर्शिका : म्हणजे तुम्ही मघाशी अवकाश आहे म्हणालात ते...

ऑपरेटर : अवकाश होता म्हणून. मला वाटलं तू घाबरून बडबडतेयस. शिवाय तू पाचलाच बोलावलंस, माझी दुपारची झोप गेली ती गेलीच. आता लाव डोळा त्या भोकाला. सायकलींचा आवाज येतोय.

दिग्दर्शिका : आले. मामा, खरंच आले. सलूनवाला त्याच्या आईला हाताला धरून आणतोय. फाटकावरचा शिपाई टोपीसकट आलाय. या बाया कोण? हातात कागद आहेत अजून.

ऑपरेटर : पलीकडच्या. कागद पिशवीत टाकायला घाबरतात बिचाऱ्या, परत जाताना लागतात ना. रडतेयस काय?

दिग्दर्शिका : नाही. हो. खुर्च्या कमी पडणार आहेत.

ऑपरेटर : वर्गातले बाक आणतील. त्यांना सांगावं लागत नाही. मांजर उठलं का?

दिग्दर्शिका : त्याला कुणीतरी मांडीवर घेतलंय. पण शिंपीकाका दिसत नाहीत.

ऑपरेटर : बघ नीट.

दिग्दर्शिका : तीनदा बघितलं. ते नाहीत मामा. गाव आलं, तेवढे ते नाहीत. मी म्हणते ते काही सगळंच चुकीचं नव्हतं.

(केबिनच्या दारावर दोनदा टकटक होते. दार उघडतं. गळ्यात टेप तशीच अडकवलेला शिंपी उंबऱ्याशी उभा राहतो.)

शिंपी : आत येऊ का?

ऑपरेटर : ये. तुझंच नाव चाललं होतं. वायर ओलांडून ये.

शिंपी : फाटकावर थांबलो होतो. आज रांग मोठी. बहीण आली. पुढे बसवलंय तिला.

दिग्दर्शिका : काका, पत्र मिळालं का माझं?

शिंपी : मिळालं.

दिग्दर्शिका : मी तुम्हाला फसवलं. तुमची माफी मागायला मी काल दुकानात शिरणार होते, पण धीर झाला नाही. तुम्ही आत्ता सांगा, मी ती चार मिनिटं काढते. आत्ताच्या खेळातूनसुद्धा, मामा तिथे आवाज आणि चित्र बंद करतील.

शिंपी : मला दिसत होतं.

दिग्दर्शिका : काय?

शिंपी : तांबडा दिवा. तुझ्या यंत्रावरचा. पेटलेला होता.

दिग्दर्शिका : मग तुम्ही मला विचारलंत ते...

शिंपी : सुईच्या नाकातून दोरा घालतो मी या वयात. एवढा दिवा दिसणार नाही होय?

ऑपरेटर : अरे, मग दिसत होतं तर विचारायचं कशाला?

शिंपी : लाज वाटत होती. ती हो म्हणाली, म्हणून बोलता आलं. चालू आहे म्हणाली असती तर मी उठून इस्त्री तापवायला गेलो असतो.

दिग्दर्शिका : मी दोन वर्षं हे उरावर घेऊन फिरतेय काका.

शिंपी : मीही.

दिग्दर्शिका : तुम्ही काय घेऊन?

शिंपी : तू पत्रात माफी मागितलीस. मला उत्तरात लिहावं लागलं असतं की मला दिसत होतं. मग तुला वाटलं असतं, हा माणूस यंत्रापुढे रडून दाखवत होता. नाटक केलं म्हणून. तीन वेळा कागद घेतला, तीन वेळा त्याचा कागदी नमुना कापून टाकला. काल तू दारावरून गेलीस, तर मान वर करायची छाती झाली नाही.

ऑपरेटर : घ्या. हिला वाटतं तू रुसलास, तुला वाटतं ही तुला खोटा समजेल. दोघं शहाणे, आणि मध्ये मी वायरी जोडतोय.

दिग्दर्शिका : ते नाटक नव्हतं काका. मी समोर होते.

शिंपी : नव्हतं. पण तुझ्या तोंडून ऐकलं की बरं वाटतं.

दिग्दर्शिका : मग राहू दे ना ती चार मिनिटं? खरं सांगा. बहीण समोर बसलीये तुमची. तिला वाईट वाटेल असं काही असेल तर अजूनही वेळ आहे.

शिंपी : राहू दे. एकही टाका उसवू नकोस.

ऑपरेटर : हुश्श. बस रिळी, स्टुलावर बस आधी. पाणी घे.

दिग्दर्शिका : मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं मामा. आधीच्या पिक्चरला बक्षीस मिळालं तेव्हासुद्धा नाही.

ऑपरेटर : सात वाजले. म्हणजे सहा. लावू?

दिग्दर्शिका : लावा.

शिंपी : मी जातो, तिच्या शेजारी जागा धरलीये. फक्त ती चार मिनिटं आली की जरा बाहेर पायरीवर येऊन बसेन म्हणतो. आपलंच रडणं बघत बसायचं, कसंतरी होतं.

दिग्दर्शिका : मीपण तेवढ्यापुरती बाहेरच येणार होते. मला ते बघवत नाही.

शिंपी : मग बसू दोघं.

ऑपरेटर : छान. काढणारी बाहेर, बोलणारा बाहेर. मग आत बघायचं कुणी?

शिंपी : ती आहे की. पूल बंद होता ना. तांबडा दिवा दिसला, म्हटलं, आपल्याला जाता येत नाही तर नाही, हे तरी जाईल पलीकडे. मी तिच्याशीच बोलत होतो.