चंद्रीची बाटली

माझं माहेर पुणतांब्याचं, सासर हितं राहुरीच्या अंगाला. दोन्हीकडं गाया, म्हंजी जलम शेनातच गेला म्हना. शिवनाची मशीन मागनं आली, पोलकी शिवते, पन गोठा सुटला न्हाई. काय सांगू ताई तुमाला, मला वाटायचं गायांतलं मला कोन शिकवनार.

आमची रीत अशी, वासराला महिना झाला की दूध तोडायचं. एकदम. आज बाटली, उद्या न्हाई. हिरवा घास टाकायचा म्होरं, भूक लागली की खातंय आपसूक. आमच्या गंगी गायीची पयली कालवड अशीच तोडली. घास नुसती चघळायची, पोट नगाऱ्यावानी आन पाठीची हाडं मोजून घ्यावी. हगवन लागली आन गेली. मी म्हनलं, नशीब तिचं. नशीब कसलं, माझी घाई हुती ती.

मंग गंगीला दुसरी झाली, कपाळावर पांढरा ठिपका, म्हनून चंद्री. महिना भरला तशी मी बाटली धुऊन फळीवर पालथी घातली. तर माझी सून कविता, एरवी वर मान न करनारी, तिनं बाटली खाली काढली. म्हनली, आत्या, ती अजून नीट रवंथ करत न्हाई, तिचं पोट दुधाचंच हाय, आता तोडली तर अंगावरचंच जाळून जगंल, पयलीवानी. ते पयलीवानी लई लागलं मला.

पन बाटली काय परत पालथी घातली न्हाई. दोन महिने पाजली, दान्याची भरड चांगली खाऊ लागली तसं दूध थोडं थोडं कमी केलं. कविता माझा शिवनाचा टेप दर आठवड्याला चंद्रीच्या छातीला लावायची, अंग भरतंय का बघाया, आन मशीनीवर खडूनं आकडा लिहायची. गिऱ्हाईक बाया हसायच्या, चंद्रीला पोलकं शिवता व्हय. दूध पुरतं तुटलं त्या आठवड्यात मला भाकर गोड लागंना. टेप मीच लावला. आकडा उतरला न्हाई, बोटभर वरच गेला. तिथंच गोठ्यात बसून रडले, खोटं कशाला बोलू.

आता चंद्री गाभन हाय. कवितालाबी सातवा लागलाय. दोघी सुखरूप सुटू दे, एवढंच मागते. आन कविताच्या बाळाचं दूध कवा तोडायचं, त्यात मी तोंड घालनार न्हाई.