काळी पडलेली पावती

जबाब देणारीचे नाव: रोज अटिम. वय: ३४ वर्षे. धंदा: चपाती-अंड्याची टपरी. राहणार: जुन्या कापूस गोदामामागे, लिरा, युगांडा.

मी आज सोमवारी सकाळी आपल्या पायांनी ठाण्यात येऊन सांगते, की शनिवारी मी दिलेला जबाब खोटा होता. तो बाजूला ठेवून हा खरा धरावा.

मयत मोझेस ओजोक, वय २६, हा माझा सख्खा धाकटा भाऊ. अटकेतला डेनिस एबोंग माझा नवरा. दोघेही भाड्याच्या मोटारसायकलींवर सवारी वाहत. माझी टपरी फुटबॉलवर पैसे लावण्याच्या दुकानाला लागून आहे. त्या दुकानामुळेच माझ्या चपात्या खपतात, हेही लिहा.

आमच्या मोटारसायकल स्टँडवर रीत अशी, की पैसे लावणाऱ्याने शेवटचा सामना चालू असताना पावती स्वतःजवळ ठेवायची नाही, हातगुण असलेल्या बाईकडे द्यायची. माझ्याकडच्या दोन पावत्या लागल्या, तेव्हापासून सगळे माझ्याकडे देतात. मी त्या पिठाच्या डब्यात ठेवते.

जिंकला की डेनिस मला उचलून रस्ताभर नाचवायचा. हरला की मारायचा. फेब्रुवारीत माझा डावा हात मोडला, तेव्हा दवाखान्यात मी जिन्यावरून पडले असे सांगितले. आमच्या घराला जिना नाही.

शनिवारी दोघांची आठ सामन्यांची एकच पावती होती. सात निकाल बरोबर आले होते. आठवा सामना साडेतीनला सुरू होणार होता. तो लागला की दोघांच्या स्वतःच्या मोटारसायकली होणार होत्या. मोझेस पावती देताना म्हणाला, "ताई, ही माझी गाडी आहे. चपातीत लाटून टाकू नकोस."

डेनिस म्हणाला, "गाडी तुझी असेल मेहुण्या, पण पहिली सवारी माझ्या बायकोची. फुकट."

पीठ संपले होते आणि डबा धुऊन उन्हात घातला होता. गिऱ्हाइकांची गर्दी होती. मी पावती गरम चपात्यांच्या डब्यात, फडक्याखाली सरकवली. तो कागद तापला की काळा पडतो, हे मला माहीत नव्हते.

सामना चालू असताना डेनिस दोनदा बाहेर येऊन ओकला. पाच वीसला शेवटच्या मिनिटात गोल झाला. डेनिसने मला उचलून घेतले. तो रडत होता. त्या घटकेला तो मला चांगला वाटला.

मोझेसने डेनिसच्या पाठीमागे चपात्यांच्या डब्याचे झाकण काढले. पावती तव्यासारखी काळी झाली होती, एक आकडा दिसत नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिले, मग माझ्या डाव्या हाताकडे. पावती मुठीत धरून तो दुकानात गेला. नंबराशिवाय काही मिळणार नाही, असे खिडकीतल्या बाईने सांगितले.

डेनिस मागोमाग आला आणि म्हणाला, "कुणी केलं हे?"

मोझेस म्हणाला, "मी. ताईकडून मघाशीच परत घेतली होती दाजी. खिशात होती. इंजिनवर वाकून चेन बसवली, तेव्हा तापली."

"रीत मोडलीस? तिच्या हातातनं काढून घेतलीस?"

"चुकलं दाजी. पुढच्या शनिवारी परत लावू की."

"कुठला पुढचा शनिवार रे, हरामखोरा?"

डेनिसने त्याचे डोके दुकानाच्या लोखंडी जाळीवर तीनदा आपटले. बाकीचे गोलाच्या आनंदात नाचत होते, त्यांना हेही नाचताहेत असे वाटले. मग डेनिसने माझ्या पाटावरची कोबी चिरायची सुरी उचलली. तिला धार मीच सकाळी लावली होती. पहिला वार मानेवर, पुढचे चार पोटात. मोझेस माझ्या चुलीजवळ पडला. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली, बोलू नकोस अशी. मी बोलले नाही.

पहिला वार होण्याआधी बोलायला वेळ होता. बोलले असते तर सुरी माझ्याकडे वळली असती, हे मला पक्के ठाऊक होते. माझा माझ्या भावावर जीव होता आणि मला भीती वाटली. दोन्ही लिहा.

(साक्षीदारास पाणी दिले.)

शनिवारच्या जबाबात मी मोझेसचेच शब्द सांगितले. काल त्याला पुरताना माझी सासू सगळ्यांसमोर म्हणाली, "पावती चोरणाऱ्याला माती द्यायला एवढी माणसं कशाला?" कोणी तिला गप्प केले नाही. मीही नाही. म्हणून आज आले.

हा जबाब मला आमच्या लांगो भाषेत वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. कोठडीत डेनिसलाही तो वाचून दाखवावा. चपात्यांच्या डब्याची ओळ दोनदा वाचावी.

निशाणी: रोज अटिम, डाव्या हाताचा अंगठा.