बिल्कीस मॅडमचा आवाज

आजच्या समारंभाचे आदरणीय अध्यक्ष साबीर परकार साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्यासाठी आज आपण जमलो त्या बिल्कीस मुकादम मॅडम, आणि कुवेतमधल्या शिक्षक बंधू-भगिनींनो,

मी सुरुची, मॅडमच्या शेजारच्या वर्गात इंग्रजी शिकवणारी. निरोपाच्या भाषणात गुणगान करावं असा रिवाज आहे. माझं गुणगान म्हणजे घडलेली हकिगतच आहे, तेवढी गोड मानून घ्या.

आपलं इंग्रजी शिक्षक मंडळ पूर्वी काय करायचं? सहली काढायचं, स्पेलिंगच्या स्पर्धा घ्यायचं. गेल्या वर्षी आमच्या संस्थेने शुक्रवारची सुट्टी काढून घेतली. पासपोर्ट तर पहिल्यापासूनच त्यांच्या तिजोरीत. नव्या करारावर सही करा, नाहीतर इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, रद्द, असा निरोप घेऊन संस्थेचा मंदूब, म्हणजे सरकारी कामं बघणारा माणूस, वर्गावर्गांत फिरला. मॅडम त्याला शांतपणे म्हणाल्या, "भाईसाब, पहले हम आपस में बात करेंगे." आम्ही त्यांना मंडळाचं अध्यक्ष केलं, आणि शुक्रवारी कुणीच शिकवायचं नाही असं ठरवलं.

पहिल्या शुक्रवारी आम्ही सगळे स्टाफरूममध्ये बसून होतो. मॅडम माझ्या शेजारी चहा पीत होत्या. आणि समोरच्या वर्गातून मॅडमचा आवाज आला.

"सिट डाऊन, एव्हरीबडी."

मुलांनी एका सुरात उत्तर दिलं. ऐकण्याच्या परीक्षांसाठी संस्थेने मॅडमचा आवाज अनेकदा रेकॉर्ड केला होता, हे आम्हाला ठाऊक होतं. पण हा आवाज मुलांना नावानं हाका मारत होता, त्यांच्या चुका सुधारत होता, मध्येच मॅडमसारखा खाकरत होता. मॅडम उठून वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या. टेबलावर नुसता स्पीकर.

"मेहविश," त्यांनी हाक मारली.

पहिल्या बाकावरची मेहविश वळली, ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "श्श! मॅम इज टीचिंग."

तुम्ही असता तर काय केलं असतं? मॅडम परत येऊन बसल्या.

नंतर त्यांचा घसा असा बसला की शब्द फुटेना. त्याच आठवड्यात एकेक शिक्षक जाऊन सही करून येऊ लागला. का, तर म्हणे, "मॅडमचाच फोन आला होता!"

हे कानावर येताच मॅडम मला घेऊन अब्बासिया भागात आमच्याच संस्थेतल्या अफताब सरांकडे गेल्या. दार उघडताच सर दचकले. "मॅडम? तुम्ही तर आत्ता फोनवर..."

मॅडमनी गळ्याकडे बोट दाखवून मान हलवली. तेवढ्यात सरांच्या हातातला फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

"अफताब, मी सही केली. तू पण कर बाबा."

मॅडमचाच आवाज, मॅडमचाच अस्सल श्रीवर्धनचा हेल! संस्थेत मॅडमनी मराठीचा एक शब्दही कधी रेकॉर्ड केला नव्हता. सरांनी कसंबसं विचारलं, "मी बोलतोय कुणाशी?"

"माझ्याशीच की."

दारात मॅडमचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. सरांनी फोन बंद केला आणि त्यांचे दोन्ही हात धरले. "मी सांगतो मॅडम. श्रम खात्यातल्या साहेबांसमोर सांगतो."

तिथे जाऊन त्यांनी सांगितलंही. पाठोपाठ बाकीचेही बोलले. सह्या रद्द झाल्या, शुक्रवार परत मिळाला, पासपोर्ट हातात आले, मॅडमचा घसाही हळूहळू सुटला. मॅडमचा करार मात्र संस्थेने पुढे वाढवला नाही. म्हणून आजचा हा समारंभ.

तो आवाज पुसून टाकला, असं संस्थेचं म्हणणं. पण परवा फहाहीलच्या एक बाई कौतुकानं मला म्हणाल्या, "आमचा अथर्व रोज फोनवर बिल्कीस मॅडमकडे शिकतो." मंडळ पुन्हा तक्रार करतंय. काल मी मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "पोरांवर ओरडत नाही ना ती?"

अध्यक्ष महाराज, बोलू दिलंत, आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मनापासून आभार. काही उणं-अधिक बोलले असेन तर पोटात घाला. आता मॅडम दोन शब्द बोलतील. हात जोडून विनंती आहे, फोन खिशात ठेवा. कुणीही रेकॉर्ड करू नका.