वीस वेळा जिनोआ

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर चेक-इनच्या रांगेत सविताबाई कानात कीर्तन ऐकत उभ्या होत्या. पुढच्या जोडप्याचं मराठी ऐकलं आणि त्यांनी बुवांना ऐन रंगात थांबवलं.

"अहो, जिनोआला उतरल्यावर पहिलं जेवण कुठे?"

"बघू गं, रत्ना."

"बघू काय? वीस वेळा जहाज घेऊन गेलात! मी आपल्या हौगांगच्या अख्ख्या ब्लॉकला सांगितलंय, आमच्या ह्यांना तिथली गल्लीन् गल्ली पाठ आहे. ती हिरवी चटणी घातलेला पास्ता, डोंगरावर नेणारी लिफ्ट, चौकातली गाणी..."

"एक सांगू? रागावू नकोस."

"पासपोर्ट विसरलात?"

"नाही. मी जिनोआ पाहिलेलंच नाही."

"थट्टा पुरे हं."

"देवाशप्पथ. जहाज धक्क्याला लागलं की आम्ही इंजिन उघडून बसायचो. शहराचे दिवे डेकवरून दिसायचे, तेवढंच."

"मग फोनवर सांगायचात ते सगळं?"

"आमचा कुक फिरून यायचा, तो सांगायचा. तू इतकी खूश व्हायचीस, की..."

रांग पुढे सरकली. ते दोघं तिथंच. सविताबाईंनीही आपली बॅग जागची हलवली नाही.

"म्हणजे तुम्हीही पहिल्यांदाच?"

"हो गं."

"अय्या! मग आधी नाही का सांगायचं! मला वाटलं, तुम्ही भराभर पुढे आणि मी आपली मागून. द्या तो नकाशा. आधी लिफ्ट, मग पास्ता, मग गाणी संपेपर्यंत बसायचं."

"आणि रस्ता चुकलो तर?"

"चुकू की! आता कोण बोलावतंय तुम्हाला ड्युटीवर?"