सहाशे साठ व्होल्ट

मुलगी : तिसऱ्यांदा मोजलं, साहेब! पुन्हा सहाशे साठच!

साहेब : अगं, दोन्ही ट्रान्सफॉर्मरांच्या पाटीवर इम्पीडन्स साडेचार टक्केच लिहिलाय. अकरा हजार व्होल्टचे साडेचार टक्के म्हणजे चारशे पंच्याण्णव. तुझं मीटर झोपलंय.

मुलगी : त्याच मीटरनं पहिल्याला बरोब्बर चारशे पंच्याण्णव दाखवले. या दुसऱ्याची एक बाजू शॉर्ट करून पूर्ण करंट वाहायला सहाशे साठ लागतायत. भागिले अकरा हजार. पर युनिट इम्पीडन्स शून्य पूर्णांक शून्य सहा, म्हणजे साडेचार नाही, सहा टक्के!

साहेब : चार वाजता हॉस्पिटलची नवी इमारत चालू करायचीय. जुनी धरून दोघांनी मिळून साडेनऊशे केव्हीएचा भार उचलायचाय, बस्स.

मुलगी : पण सारखे उचलणार नाहीत ना! इम्पीडन्स म्हणजे करंटला आतून होणारा अडथळा; ज्याचा कमी, त्याच्या अंगावर भार जास्त. पहिल्यावर पाचशे चाळीसच्या वर जातील, आणि त्याची ताकद पाचशे केव्हीएची. ऐन ऑपरेशनात तो बंद पडला तर?

साहेब : पण पाटी खोटी कशी असेल?

मुलगी : हा दुसरा अकरा वर्षांपूर्वी जळला होता, फायलीत आहे. आमची आई कॉइली गुंडाळायला होती त्या कारखान्यात तो पुन्हा गुंडाळला. तिलाच फोन लावलाय, स्पीकरवर. आई, ऐकतेयस ना?

आई : ऐकतेय. गॅस बंद करून आले. तारा तापण्यात वॅट किती गेले ते सांग आधी.

मुलगी : पाच हजार एकशे वीस. पहिल्याचे पाच हजार. पाचशे केव्हीए म्हणजे पाच लाख, त्यानं भागलं की तारेचा रेझिस्टन्स, शून्य पूर्णांक शून्य एक आणि वर चिमूटभर. मग इम्पीडन्सच्या वर्गातून याचा वर्ग वजा केला, वर्गमूळ काढलं…

आई : वर्गमूळ तुझ्याजवळ ठेव. तांबं तेवढंच आहे का?

मुलगी : जवळजवळ तेवढंच. वाढलाय तो रिअॅक्टन्स, कॉइलींमधल्या चुंबकी गळतीचा अडथळा! पहिल्याचा शून्य पूर्णांक शून्य चार चार, याचा शून्य पूर्णांक शून्य पाच नऊ. जणू दोन कॉइलींमधली जागाच…

आई : सेंटिमीटरभर वाढलीय! अगं बाई, तोच तो!

साहेब : तोच कोण, बाई?

आई : साहेब, दोन कॉइलींच्या मध्ये पुठ्ठ्याचं नळकांडं असतं. त्या मापाचं संपलं होतं आणि गिऱ्हाईक दारात उभं. मोठं घातलं. बाहेरची कॉइल मोठ्या गोलावर गेली, तार थोडी जास्त लागली. हिची ती चिमूट तीच! मी फोरमनला म्हटलं, आता पाटी बदला. तो म्हणाला, तुम्ही गुंडाळा, पाटीचं आम्ही बघू.

मुलगी : आणि बघितलंच नाही! साहेब, आकडा जुळला! मीटर जागं आहे!

साहेब : जुळला खरा… माझ्याच सहीनं चार वाजता बटण दाबलं असतं मी. आता करायचं काय?

मुलगी : एकत्र जोडायचेच नाहीत. नवी इमारत याच्यावर, जुनी पहिल्यावर. दोघंही पाचशेच्या आत बसतात. मी बेरीज केलीय.

साहेब : कर तसं. पाटी मी आजच बदलून घेतो. आणि बाई, चुकलं आमचं. मुलीला उगाच झापलं सकाळपासून.

आई : झापा हो, तिला सवय आहे. मोठ्यानं भांडते म्हणून खोटी वाटते.

(चार वाजून पाच मिनिटं. कुंपणाबाहेर.)

मुलगी : आई, चालू केला! लोड आला, चारशे सत्तर! तेल थंडगार आहे! वरच्या मजल्यावर दिवे लागले, नर्स खिडकीतून हात करतायत! आई? तुझाच आहे हा!

आई : तेवीस वर्षं गुंडाळले, पण चालू झालेला एकही बघितला नाही गं. कारखान्यातून गाडीवर चढवायचे नि जायचे.

मुलगी : हा बघ, घूं घूं करतोय, फोन कुंपणाजवळ धरू?

आई : धर. आणि जरा गप्प बस, ऐकू दे.