बंद खिडकीपुढची रांग

ठाकूरद्वारच्या नाक्यावर एका बंद खिडकीपुढे कॉलेजच्या दोन मुली एकीमागे एक उभ्या दिसल्या, आणि सुंदराबाई त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पिशवी सावरत तिसऱ्या उभ्या राहिल्या. काय मिळतंय ते मागाहून कळतंच. बघता बघता मागे माणसं लागली.

"मॉड, हसू नकोस! सगळा प्रयोग बोंबलेल."

"अगं कुमुद, पण खिडकीत काहीच नाही! आणि माणसं बघ की!"

"काल मी एकटी उभी होते, तर कुत्रं फिरकलं नाही. जागा तीच, वेळ तीच. आज फक्त तू वाढलीस."

"म्हणजे माझाच पायगुण! आणि कोणी विचारलं, रांग कसली, तर?"

"खरं सांगायचं, असं सरांनी बजावलंय. मग प्रयोग बाद. उद्या मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलला दाखवायला दुसरं काहीच नाही."

सुंदराबाईंनी पदर तोंडाला लावला. तेवढ्यात मागचे एक टोपीवाले गृहस्थ पुढे आले.

"काय गं पोरींनो, संयुक्त महाराष्ट्राच्या सह्या घेतायत, की रॉकेल आलंय?"

मॉडचा चेहरा पडला. कुमुदने तोंड उघडलं.

"अहो, पुढे कशाला येता?" सुंदराबाई कडाडल्या. "नंबर जाईल ना तुमचा!"

गृहस्थ धावतच मागे गेले.

"कुमुद, वाचलो गं!"

"कसलं वाचलो! या बाईंना सगळं कळलंय. आता यांना मोजायचं की नाही?"

"मोजा की," सुंदराबाई म्हणाल्या. "तिसरा नंबर आहे माझा. मी काही सोडायची नाही."